बर्फावरचं तिखट

सिंधूताई रामटेके यांनी आयुष्यात कुणाचे डोळे स्वतःच्या हातांनी पुसले नाहीत. माया नव्हती असं नाही. माया भरपूर होती, पण हात मिरचीचे होते. भिवापूरच्या सातऱ्यावर, म्हणजे जिथं वाळल्या मिरचीचे ढीग पडतात आणि बाया ओळीनं बसून देठ खुडतात तिथं, त्या लहानपणीच आईशेजारी बसल्या. तेव्हापासून बोटांत जो दाह शिरला तो ताकानं गेला नाही आणि तेलानंही गेला नाही. नाक खाजलं तर त्या मनगटानं खाजवत. पोरगं रडत आलं तर त्याला पोटाशी धरत आणि पदराच्या टोकानं, बोट लागणार नाही अशा बेतानं, त्याचे डोळे टिपत.

लग्न होऊन त्या नागपुरात इंदोऱ्याला आल्या. नवरा देवराव सूतगिरणीत होता. उंच, सडपातळ, बोलायला तोडून टाकल्यासारखा. एकदा म्हणाला की म्हणाला. गल्लीत त्यांच्याबद्दल सांगत की घड्याळ चुकेल पण देवराव चुकणार नाही, आणि देवरावांनाही ते फारसं नाकबूल नव्हतं.

त्यांचा पहिला मुलगा बळीराम. दोन वर्षांचा झाला आणि तापानं फणफणला. सासूनं अंगारा लावला, लिंबू उतरवलं, मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. म्हणाली, "तूच त्याच्याकडं टकमक पाहत राहते वं. मायची नजर सगळ्यात आंदी लागते लेकराले." सिंधूताईंनी त्यानंतर तापलेल्या पोराकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता, आणि डॉक्टरनं तसं तोंडावर सांगितलं.

पुढच्याच वर्षी, छप्पनच्या दसऱ्याला, दोघांनी लाखोंच्या त्या गर्दीत उभं राहून धम्मदीक्षा घेतली. घरी आल्यावर देवरावांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. मग बायकोसमोर उभे राहिले.

"मिरच्या जाळून लेकरं वाचली असती त आपला बळीराम आज धावत असता. आजपासून या घरात दृष्ट नाई, उतारा नाई, अंगारा नाई. कबूल?"

"कबूल," सिंधूताई म्हणाल्या. पूर्ण मनानं म्हणाल्या. आता पूर्ण म्हणजे किती पूर्ण, ते विचारू नये. माणसाच्या मनाला मागचं दार असतंच. पण शब्द त्यांनी पाळला. दोन वर्षांनी अनंत झाला. त्याला गोवर आला, कांजिण्या आल्या, एकदा तो पेरूच्या झाडावरून पडला. सिंधूताई त्याला उचलून दवाखान्यात पळाल्या. मिरची त्यांच्या घरात पोत्यानं होती, कारण त्या भिवापुरी मिरची आणून कांडून धरमपेठेत घरोघर तिखट विकत. पण ती फक्त खायची मिरची होती.

अनंताला लहानपणापासून विमानांचं वेड. सोनेगावकडं सायकल मारत जायचा आणि कुंपणाबाहेर मान वर करून उभा राहायचा. पुढं तो हवाई दलात लागला आणि हेलिकॉप्टरचा मेकॅनिक झाला. हात आईसारखेच चपळ. इंजिनाच्या पोटात, जिथं डोळा पोचत नाही तिथं, बोटांनी चाचपून तो नट बसवत असे. "माह्या बोटाले डोळे हायेत," असं हसत म्हणायचा.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर तो सुटीवर आला तेव्हा बातमी घेऊनच आला. दक्षिण ध्रुवाकडं जी मोहीम जाते तिच्या हेलिकॉप्टरवर त्याची निवड झाली होती. गोव्याहून जहाज निघणार, महिनाभर समुद्र कापत खाली जाणार, बर्फाच्या कडेला लागणार. आणि जहाजावरून आतल्या तळापर्यंत माणसं नि सामान हेलिकॉप्टरनं न्यायचं.

देवरावांनी ती बातमी गल्लीभर अशी वाटली की पेढ्यांची गरजच उरली नाही. मधुकरराव मास्तर हात मिळवायला आले. समोरच्या इंदूबाई आल्या आणि अनंताला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "काय पोरगं हाय वं सिंधूताई! साऱ्या इंदोऱ्यात असं नाई." सिंधूताई हसल्या, आणि कामाचं निमित्त काढून त्यांनी अनंताला आत पाठवलं. देवरावांच्या हट्टापायी अनंतानं एकदा गणवेश घालून दाखवला. तो दारात उभा राहिला, मागून उन्हाची तिरीप आली, आणि सिंधूताई पाहतच राहिल्या. पोळी तव्यावर करपली तेव्हा कुठं त्यांची नजर हलली.

"हे दक्षिण ध्रुव हाय तरी कोनीकडं?" त्यांनी दुपारी विचारलं.

अनंतानं टोपलीतलं संत्रं घेतलं. "हे देठाचं टोक पाय. हा उत्तर ध्रुव. अन् हे बुडाचं टिंब, हा दक्षिण. आपन इथं, पोटाच्या जरासं वर. जहाज असं खाली खाली जाते."

"दोन्हीकडं बर्फच?"

"बर्फच, पन फरक हाय. उत्तरेले बर्फाखाली समुद्र हाय. दक्षिणेले बर्फाखाली जमीन. आपल्या देशाहून कितीतरी मोठी जमीन, अन् तिच्यावर डोंगराएवढा जाड बर्फ. तो सरकत सरकत समुद्रात येते अन् काठावर तरंगते. जहाज तिथंच लागते." मग त्यानं संत्रं दारातल्या उन्हात धरून जरा कलतं केलं. "पृथ्वी अशी तिरपी हाय. म्हणून आता हिवाळ्यात आपल्याकडं दिवस लहान, अन् तिकडं बुडाले उजेडच उजेड. सूर्य मावळत नाई, आभाळात गोल फिरत राहते. सहा महिन्यांनी उलटं. मंग तिकडं सूर्य उगवतच नाई."

"मंग झोपता कवा?"

"घड्याळ पाहून."

त्यानं साल काढली आणि फोडी जरा फाकवल्या. "या फोडी पाय. बुडाशी साऱ्या एका टिंबात येतात नं? तसं हाय ध्रुवाचं. नेमकं त्या टिंबावर उभं राहलं की पूर्व नाई, पश्चिम नाई, दक्षिणबी नाई. जिकडं पाऊल टाकशील तिकडं उत्तर. होकायंत्राची सुईबी तिकडं गेल्यावर चाचपडते."

सिंधूताईंना बाकी कशाचं इतकं वाटलं नाही, याचं वाटलं. "मंग घर कोनीकडं हाय हे समजते कसं?"

"साराच उत्तर हाय म्हणल्यावर घरबी उत्तरेलेच," अनंत म्हणाला आणि त्यानं एक फोड आईच्या तोंडात घातली.

ते बोलणं चेष्टेत झालं. पण ज्या जागेवरून घराची दिशा सांगता येत नाही तिथं आपला एकुलता एक मुलगा जातो आहे, हे सिंधूताईंच्या डोक्यातून जाईना. रात्री तो सांगत होता की वर उडताना खाली झाड नाही, घर नाही, रस्ता नाही, सगळं पांढरं. आभाळ भरून आलं तर आभाळही पांढरं, आणि मग वर कुठलं नि खाली कुठलं हे वैमानिकाला कळत नाही. देवराव कौतुकानं ऐकत होते. सिंधूताई ऐकत नव्हत्या. त्या मनात मोजत होत्या, की या आठवड्यात किती जणांनी त्याच्याकडं पाहून "वा" म्हटलं.

निघायच्या दिवशी दुपारी अनंत जेवून आडवा झाला. संध्याकाळची गाडी होती. देवराव तिकिटाच्या कामाला गेले होते. सिंधूताई त्याच्यासाठी वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात तिखट भरत बसल्या होत्या. भिवापुरी, लालभडक, स्वतः कांडलेलं. जहाजावरचं जेवण पुचाट असतं असं त्यानंच सांगितलं होतं. समोर सुपात निवडलेल्या मिरच्या होत्या. शेगडीत निखारे होते. पोरगं गाढ झोपलेलं होतं.

अठ्ठावीस वर्षांत जे झालं नाही ते त्या क्षणी झालं. मुठीत सात मिरच्या, मीठ, मोहरी कधी आली ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी ती मूठ अनंताच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवली, पुटपुटल्या आणि मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या.

ठसका आला नाही.

भिवापुरी मिरची निखाऱ्यावर पडली तर अर्धी गल्ली खोकते. इथं काही नाही. मिरच्या काळ्या पडत होत्या, पण वास नाही, धूर नाही. खरं तर निखारे केव्हाचे राखेखाली गेले होते, मिरची धड जळतच नव्हती. हे आपल्याला बसल्या जागी सुचतं, त्यांना तिथं सुचलं नाही. लहानपणापासून ऐकलेलं एवढंच आठवलं, की ठसका नाही म्हणजे नजर फार मोठी. आता फुंकणी घालून जाळ करावा आणि मिरच्यांची पार राख करावी, एवढ्यात दाराशी देवरावांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला.

सिंधूताईंनी चिमट्यानं त्या अर्धवट जळक्या मिरच्या उचलल्या आणि जवळ जे उघडं दिसलं त्यात टाकल्या. ते उघडं म्हणजे तिखटाचा डबा. वरून झाकण दाबलं.

देवराव आत आले ते डब्याशेजारीच बसले. "भरलं काय? आण, बॅगेत ठेवतो." त्यांच्या देखत डबा उघडून मिरच्या काढायच्या कशा? वंदनेच्या मेणबत्तीचं बुडखं कोनाड्यात होतं. सिंधूताईंनी ते वितळवून झाकणाच्या कडेनं मेणाची जाड धार सोडली, वर उलथण्यानं झाकण ठोकलं. "सांडाले नको," म्हणाल्या. खरं म्हणजे कुणी उघडायला नको.

अनंत उठला, आंघोळ करून गल्लीत सगळ्यांच्या पाया पडून आला, आणि गेला. तो गेल्यावर सिंधूताईंना आपण काय केलं ते उमगलं. नजर उतरवून आगीत टाकायची असते, कुणी ओलांडू नये म्हणून तिची राखसुद्धा दूर फेकायची असते. आणि आपण ती उतरवली, अर्धी ठेवली, मेणानं बंद केली आणि पोराच्या सामानात बांधून दिली. कुणा वैऱ्यालाही जमलं नसतं ते आईनं केलं.

कुणाला सांगणार? शब्द मोडला हे देवरावांना सांगायची सोय नव्हती. डिसेंबर सरला, जानेवारी आला. देवराव रेडिओवर मोहिमेची बातमी लागली की आवाज वाढवत. जहाज बर्फाला लागलं. तळावर सामान पोचतं आहे. सिंधूताई धरमपेठेत दारोदार तिखट मोजून देत आणि प्रत्येक घरात झाकण उघडताना त्यांचा हात थबके. जेवण कमी झालं. इंदूबाईंनी एकदा विचारलं, "काहून वं, सुकून राहिली तू?" त्या म्हणाल्या, "ऊन लागलं." जानेवारीतलं ऊन! इंदूबाईंनी पुढं विचारलं नाही, पण गल्लीत सांगितलं मात्र.

आणि एका सकाळी रेडिओवर ते आलंच. ध्रुव मोहिमेतल्या एका हेलिकॉप्टरशी संपर्क तुटला आहे, हवामान खराब असल्यानं शोध घेता येत नाही. बातमी दोन वाक्यांची होती. मग कापसाचे भाव सांगितले.

देवराव सोनेगावला धावले. तिथल्या साहेबानं आतल्या चौघांची नावं सांगितली. त्यात अनंत होता. देवराव घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. गल्लीतली माणसं येऊन बसली, उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. बर्फाचं वादळ थांबलेलं नाही.

त्या दुपारी घरात दोघंच होती. सिंधूताईंनी सांगून टाकलं. झोपलेला अनंत, मिरच्या, न आलेला ठसका, डबा, मेण, सगळं. सांगताना त्या नवऱ्याकडं पाहत नव्हत्या. आता तो ओरडेल, हात उगारेल, घराबाहेर काढेल, काहीही करो. ओरडला असता तर बरंच झालं असतं.

देवराव हलक्या आवाजात म्हणाले, "अर्धीच जळली होती?"

"हाव."

"मंग... इथून काई करता येते काय, सिंधू? तुह्या माहेरी ते नत्थूजी होते नं, जाणते. हायेत काय अजून?"

सिंधूताईंनी वर पाहिलं. हा देवराव त्यांनी कधी पाहिला नव्हता. टाक नदीत सोडणारा, सख्ख्या आईशी भांडणारा, गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर तिथं जाऊन उभा राहून प्रश्न विचारणारा तो माणूस भिंतीशी मुटकुळं करून बसला होता आणि डोळ्यांनी विनवत होता. मुलगा जाण्याची भीती त्यांना होतीच. पण आपल्या एका मुठीनं या माणसाचा कणा मोडला, हे त्यांना त्याहून सहन होईना.

"नाई," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण इतका कडक त्यांनी स्वतःही कधी ऐकला नव्हता. "काई करता येत नाई. कोनाकडं जायाचं नाई. बळीराम उशीर झाला म्हणून गेला. मिरच्यानं तो ना वाचला ना मेला. तुमीच सांगतलं होतं मले, इथंच उभं राहून."

देवरावांना रडू फुटलं. सिंधूताईंनी पदराच्या टोकानं त्यांचे डोळे टिपले, बोट न लावता. बोलल्या खऱ्या, पण ते शब्द त्यांच्या स्वतःच्याच छातीत उतरले नाहीत. उरलेला दिवस त्या दाराशी बसून राहिल्या. त्या टिंबावरून पोरगं कुठल्याही बाजूला चालू लागलं तरी ती उत्तरच आहे, एवढंच मनात घोळवत होत्या.

वादळ निवल्यावर हवाई दलाची जीप गल्लीत आली. गाडी पाहून सिंधूताईंनी दाराची चौकट धरली. उतरलेला जवान लांबूनच हसला. चौघंही सापडले, जिवंत आहेत. रामटेकेंच्या हाताला थोडा हिमदंश आहे, बाकी ठीक.

अनंत आला तो एप्रिलच्या उन्हात. चेहरा बर्फाच्या उजेडानं काळवंडलेला, उजवा हात खिशात. गल्ली लोटली. त्यानं हात बाहेर काढला. अंगठ्याजवळची दोन बोटं पेरापासून नव्हती.

"जीव वाचला हे मोठं," मास्तर म्हणाले. सगळ्यांनी तेच म्हटलं.

मग त्यानं हकीकत सांगितली. जहाजावरून तळाकडं रेशन नेत होते. तिखटाचा डबाही त्यातच होता, तळावरच्या स्वयंपाकघरासाठी. एकट्यानं खाण्यापेक्षा सगळ्यांना चाखवू म्हणून त्यानं घेतला होता. निघाले तेव्हा चांगलं ऊन होतं. "तिथं उडताना साहेब खालच्या आपल्याच सावलीकडं पाहतात. सावली मोठी-लहान होते त्यावरून समजते, आपन किती वर हाओत. अर्ध्या वाटेत ढग आले अन् सावली गेली. मंग आभाळबी दुधाचं, जमीनबी दुधाची. कुठं रेघ नाई. साहेब वराडले, मले खाली कायतरी टाकून दे, डोळा ठेवाले कायतरी दे! बर्फावर खूण टाकाच्या रंगाच्या पुड्या सकाळच्या फेरीतच संपल्या होत्या. मी औजाराची थैली टाकली, ते भुसभुशीत बर्फात गडप झाली. मंग डबा दिसला."

डबा कसाबसा उघडून त्यानं दारातून फेकला. पांढऱ्यावर तिखट पसरलं, अंगणाएवढा लाल पट्टा. वैमानिकाला जमीन सापडली. हेलिकॉप्टर त्या लाल पट्ट्याशेजारी आदळत उतरलं. बिनतारी यंत्र मोडलं, शेपटी वाकली, पण माणसं साबूत राहिली. वादळभर ते आतच बसून होते.

गल्लीला हे म्हणजे सणच झाला. "सिंधूताईच्या तिखटानं चार जीव वाचले!" इंदूबाई पुन्हा पुन्हा सांगू लागल्या. कुणी म्हणालं पेपरात द्यायला पाहिजे. देवराव मान हलवत होते. सिंधूताई मात्र दोन नसलेल्या बोटांच्या जागेकडं पाहत होत्या. तिखट होतं म्हणून वाचला असं सगळे म्हणतात. मग ती बोटं कशानं गेली, हे कुणीच कसं विचारत नाही?

लोक पांगले. तिघंच उरली. अनंत डाव्या हातानं पेला उचलून पाणी प्यायला, आणि मगच म्हणाला, "आई, एक सांग. त्या झाकणाले एवढं मेण काहून लावलं होतं वं?"

सिंधूताईंनी देवरावांकडं पाहिलं.

"उघडेचना. मेण दगडासारखं झालं होतं. मोठ्या हातमोज्यात खिशातला पेचकस धरता येईना, म्हणून मोजा काढला. तो वाऱ्यानं दारातून उडून गेला. उघड्या हातानं पत्रा धरला त चामडी त्यालेच चिकटली. मंग सारं वादळ मोज्याबिगर काढलं." तो हे रागानं सांगत नव्हता. आता त्याला भांडारात कारकुनी दिली होती, यंत्राला हात लावायचा नव्हता, हेही त्यानं तसंच सांगितलं. "अन् उघडलं त वरच जळक्या मिरच्या. काळ्या. मले समजलंच नाई."

देवराव पटकन म्हणाले, "भाजाले घेतल्या असतील गा. चुकून पडल्या असतील."

आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस. त्याला ते नीट जमलंही नाही. सिंधूताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांना थांबवलं.

"पडल्या नाई," त्या म्हणाल्या. "मी तुही दृष्ट काढली होती. तू झोपला होता तवा. तुहे बाबा आले म्हणून त्या डब्यात लपवल्या, अन् कोनी उघडू नये म्हणून मेण लावलं. बोटं मी खाल्ली तुही."

अनंत आईकडं पाहत राहिला. मग बापाकडं पाहिलं. देवरावांची मान खाली होती. त्या मानेवरूनच त्याला कळलं असावं, की या घरात हिवाळ्यात काय काय होऊन गेलं.

"मेण नसतं," तो सावकाश म्हणाला, "त जहाजावरच्या पोरांनी गोवा सोडायच्या आंदीच डबा साफ केला असता. दोनदा मागाले आले होते. उघडला नाई म्हणून राहला."

हे खरं होतं की आईसाठी त्यानं तिथल्या तिथं जुळवलं, ते सिंधूताईंना कधीच कळलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. तो जरासा हसला, लहानपणी हसायचा तसा. "पन नजर कोनाची होती म्हणते? इंदूबाईची?"

"नाई गा," सिंधूताई म्हणाल्या. "माहीच असंल. तू वर्दी घालून दारात उभा राहला होता, तवा मीच लय पाहलं तुह्याकडं."

इतकं बोलल्यावर त्यांना धरवेना. हात मांडीवरच पडून राहिले, डोळ्यांकडं नेता येईनात, सकाळीच मिरची खुडली होती. अनंत सरकून जवळ आला आणि त्यानं उजव्या हातानं आईचे डोळे पुसले. सवयीनं तोच हात पुढं आला होता. पण गालावरून फिरताना मध्येच दोन बोटांची जागा रिकामी लागली, आणि तिथलं पाणी तसंच खाली वाहत गेलं.